खोडणे आणि पुसणे

वहीत चुकलेला आकडा खोडायचा असतो, खरवडायचा नसतो, हे आमच्या पिढीतल्या प्रत्येक कारकुनाला नोकरीच्या पहिल्याच दिवशी शिकवले जाई. चुकलेल्या आकड्यावरून एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी आद्याक्षरी सही करायची. ब्लेडने खरवडलेला किंवा पांढऱ्या शाईखाली झाकलेला आकडा दिसला की हिशेबतपासनीसाच्या कपाळावर आठी चढलीच म्हणून समजा. खोडलेले चालते, पुसलेले चालत नाही. कारण खोडलेल्या आकड्याला जाब विचारता येतो. पुसलेला आकडा कधी काळी होता, हेच मुळी कुणाला कळत नाही.

हा जुना धडा आज आठवायला कारण आहे. २०२५ सालापासून याद्यांतून नावे निघण्याच्या बातम्या आपण सतत वाचतो आहोत. बिहारमध्ये मतदारयाद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली आणि १ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळाली. आपल्या महाराष्ट्रात ‘लाडकी बहीण’ योजनेतील सुमारे २६ लाख लाभार्थींचा लाभ तात्पुरता स्थगित केल्याचे सरकारने त्याच वर्षी जुलैत सांगितले. नोव्हेंबरात आधार प्राधिकरणाने मृत व्यक्तींचे २ कोटींहून अधिक आधार क्रमांक निष्क्रिय केल्याचे जाहीर केले. या तिन्ही बातम्यांचे राजकारण वेगळे, गुणदोष वेगळे. पण तिन्हींच्या तळाशी एकच प्रश्न आहे. संगणकाच्या तक्त्यातल्या एका ओळीचे, म्हणजेच एका जित्याजागत्या किंवा दिवंगत माणसाच्या नोंदीचे, करायचे काय? तिला काढून टाकायचे, थांबवायचे, की खूण करून ठेवायचे? पोटापाण्यासाठी मी अनेक वर्षे अशा ओळी काढल्या आहेत. एकदा फार वाईट चुकलोही आहे. म्हणून चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो.

आज बँकेपासून रेशन दुकानापर्यंत बहुतेक याद्या ज्या पद्धतीने संगणकात ठेवल्या जातात, ती पद्धत आयबीएम कंपनीतील एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली एका निबंधात मांडली. कल्पना वरकरणी साधी आहे. सगळी माहिती तक्त्यांत ठेवायची. एक ओळ म्हणजे एक नोंद, एक रकाना म्हणजे एक तपशील, आणि प्रत्येक ओळीला दुसऱ्या कुणाचा नाही असा ओळखक्रमांक. पण कॉडच्या तक्त्यात आणि आपल्या वहीत एक मोठा फरक आहे. वहीतल्या ओळींना क्रम असतो, पानांना क्रमांक असतात. पान फाडले तरी शिवणीपाशी त्याचा तुकडा राहतो. तक्त्यातल्या ओळींना तसा क्रमच नाही. एक ओळ काढली तर तिची रिकामी जागा दिसत नाही. उरलेला तक्ता जणू पहिल्यापासून तसाच होता अशा थाटात समोर उभा राहतो. ओळखक्रमांकांत एखादी फट दिसली तर दिसली, पण तिथे कोण होते हे ती फट सांगत नाही.

मी ज्या पतसंस्थेत होतो तिथे संगणक आला तेव्हा आम्ही फॉक्सप्रो वापरत असू. त्या काळी अनेक छोट्या कचेऱ्यांचा संसार त्याच्यावरच चाले. त्यात ‘डिलीट’ ही आज्ञा मोठी सौम्य होती. ती ओळ काढत नसे. ओळीशेजारी फक्त एक तारका उमटवी. मन बदलले तर ‘रिकॉल’ म्हणायचे, तारका जाई. ओळ खरोखरच नाहीशी करायची तर ‘पॅक’ ही वेगळी आज्ञा द्यावी लागे. म्हणजे आधी खोडायचे, मग विचार करायचा आणि अगदी खात्री झाल्यावर पुसायचे. शिवाय नुसते ‘डिलीट’ म्हटले तर समोरच्या एकाच ओळीवर तारका येई. सगळ्या ओळी हव्या असतील तर ‘ऑल’ असे स्पष्ट सांगावे लागे.

१९९७ साली आमच्याकडे नवी, मोठ्या संस्थांत चालणारी प्रणाली आली. एका संध्याकाळी वर्षानुवर्षे बंद पडलेली खाती साफ करायला मी बसलो. आज्ञा अशी द्यायची होती की, खातेदारांच्या तक्त्यातून ओळी काढ, ज्यांचे खाते बंद आहे अशांच्या. यातले उत्तरार्धातले ‘ज्यांचे’ म्हणजे ‘व्हेअर’ हे अटीचे कलम. मी पूर्वार्ध लिहिला, बोटांच्या सवयीने तिथेच वाक्य संपवले आणि कळ दाबली. पडद्यावर उमटले, इतक्या हजार ओळी काढल्या! ती आमच्या एकूण खातेदारांची संख्या होती.

कारण नव्या प्रणालीत अट सांगितली नाही तर अर्थ ‘समोरची एक’ असा होत नाही. अर्थ होतो ‘सगळ्या’. जुन्या प्रणालीत न बोलण्याचा अर्थ सर्वांत कमी नुकसानीचा होता, नव्या प्रणालीत सर्वांत जास्त नुकसानीचा. तिथेही परतीची एक वाट असते. केलेले काम कायम करण्यापूर्वी ‘रोलबॅक’ म्हटले की सारे पूर्ववत होते. पण प्रत्येक आज्ञा तत्काळ कायम व्हावी अशी सोय मीच, वेळ वाचावा म्हणून, चालू करून ठेवली होती. दोष कुठल्याही यंत्राचा नव्हता.

आदल्या रात्रीची प्रत चुंबकीय फितीवर होती, म्हणून वाचलो. ती चढवली आणि त्या दिवसभराच्या पावत्या, चलने घेऊन आम्ही चौघे पहाटेपर्यंत नोंदी पुन्हा करत बसलो. शेवटी रोकड मोजली तर हिशेबापेक्षा पाचशे रुपये जास्त! सगळे दमलेले. ती रक्कम जादा रोकडीच्या खात्यात टाकली आणि घरी गेलो.

पाच आठवड्यांनी बाजारात भाजी विकणाऱ्या एक बाई मुलीच्या शाळेची फी भरण्यासाठी पैसे काढायला आल्या. खिडकीवरच्या मुलाने पडद्यावर शोधले आणि सांगितले, “मावशी, तुमचं खातंच नाही इथं.” बाईंनी कमरेची पिशवी सोडून पासबुक काढले. पहिल्या पानावर खाते उघडल्याची तारीख, पाचशे रुपये, आमचा शिक्का, आमची सही. तारीख त्याच दिवसाची होती. त्यांचा अर्ज आणि भरणा-चलन दुसऱ्याच एका फायलीत सहीसाठी पडून होते, म्हणून त्या रात्री आमच्या गठ्ठ्यात ते आलेच नव्हते. बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “साहेब, तुमच्या मशिनीत मी नसंन, पण तुमचा शिक्का माझ्याकडं हाय.”

त्या रात्रीचे पाचशे रुपये म्हणजे पुसल्या गेलेल्या त्या एका ओळीची आमच्याकडे उरलेली एकमेव खूण होती. आम्ही ती पाहिली आणि तिला ‘जादा’ असे नाव देऊन मोकळे झालो.

अशी चूक छोट्या कचेरीतच होते असे मात्र समजू नये. अटलासियन ही जगभरच्या कंपन्यांना कामकाजाची सॉफ्टवेअर पुरवणारी मोठी कंपनी. ५ एप्रिल २०२२ रोजी तिथे एक जुनी सोय बंद करायची होती. काढायच्या गोष्टींची यादी एका गटाने दुसऱ्याला दिली. त्या यादीत त्या सोयीच्या क्रमांकांऐवजी ग्राहकांच्या संपूर्ण जागांचे क्रमांक गेले. शिवाय आज्ञेचे दोन प्रकार होते, ‘काढण्यासाठी खूण कर’ आणि ‘कायमचे काढ’. वापरला गेला तो दुसरा. सुमारे ७७५ ग्राहकांची कामाची जागाच नाहीशी झाली आणि काहींना ती परत मिळायला दोन आठवडे लागले. प्रती होत्या, म्हणून माहिती परत आली. पण ओळ काढायला मिनिटे पुरतात आणि परत आणायला आठवडे लागतात, हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता माणसांच्या याद्यांकडे वळू. याद्या साफ कराव्या लागतात, याबद्दल वाद नाही. माणसे मरतात, गाव सोडतात, एकाचे नाव दोन ठिकाणी राहते. मेलेल्या माणसाच्या नावाने धान्य उचलले जाते, पेन्शन निघते, प्रसंगी मतही पडते. तण काढले नाही तर पीक येत नाही. प्रश्न तण काढायचे की नाही हा नसून रोप आणि तण यांतला फरक कोण, कसा ठरवतो आणि चुकून रोप उपटले तर ते पुन्हा लावण्याची जबाबदारी कोणाची, हा आहे.

इथे माझ्या त्या संध्याकाळचा पहिला धडा लागू पडतो. मौनाचा अर्थ काय धरायचा? बिहारमध्ये मतदारांना छापील अर्ज दिले गेले आणि ठरलेल्या मुदतीत ज्यांचे अर्ज परत आले नाहीत त्यांची नावे मसुद्यात आली नाहीत. आयोगाच्या म्हणण्यानुसार त्यांत सुमारे २२ लाख मृत, ३६ लाख कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेले आणि ७ लाख दुबार होते. हे बव्हंशी खरे असेलही. पण ‘अर्ज आला नाही’ आणि ‘माणूस नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. १२ ऑगस्ट २०२५ रोजी योगेंद्र यादव यांनी मसुद्यात मृत ठरलेल्या दोन व्यक्ती सर्वोच्च न्यायालयात चक्क उभ्या केल्या. दोनच दिवसांनी न्यायालयाने आदेश दिला की वगळलेल्या ६५ लाखांची यादी, प्रत्येकाच्या कारणासह, लोकांना शोधता येईल अशी प्रसिद्ध करा. दावे, हरकती आणि नव्या नोंदी होऊन ३० सप्टेंबरला अंतिम यादी लागली तेव्हा मसुद्यातील ७ कोटी २४ लाखांचा आकडा सुमारे ७ कोटी ४२ लाखांवर गेला होता.

न्यायालयाने त्या दिवशी मागितले ते दुसरे काही नव्हते. जुन्या हिशेबतपासनीसाने मागितलेली आडवी रेघ आणि आद्याक्षरी सही. पुसू नका, खोडा. आणि का खोडले ते शेजारी लिहा. आपल्या कायद्याला हे नवे नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २२ सांगते की एखादी व्यक्ती तिथे राहत नाही किंवा पात्र नाही म्हणून तिचे नाव काढायचे असेल, तर आधी तिला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी. कायदा कागदावर असूनही काय होते ते आपण घरच्या अंगणात पाहिले आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत १७ एप्रिलला पुण्यात आणि २४ एप्रिलला मुंबईत वर्षानुवर्षे मत देणारी माणसे केंद्रावर गेली आणि नाव नाही म्हणून परतली. तेव्हा निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी दिलगिरी व्यक्त केली होती. पण दिलगिरीने त्या दिवसाचे मत परत येत नाही.

मौनाचा अर्थ सौम्य कसा लावता येतो याचे उदाहरणही आपल्याच व्यवस्थेत आहे. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. नाही दिला तर पेन्शन थांबते. पण नाव नाहीसे होत नाही. दाखला दिला की पेन्शन थकबाकीसह पुन्हा सुरू होते. थांबवणे आणि काढून टाकणे यांत हा फरक आहे. आजारपणामुळे महिनाभर उशीर झालेल्या आजोबांना तो चांगलाच कळतो.

दुसरा धडा जोडलेल्या ओळींचा. तक्त्यातली ओळ क्वचितच एकटी असते. खातेदाराच्या ओळीला त्याचे कर्ज, त्याची ठेव, त्याचा जामीनदार चिकटलेले असतात. म्हणून नियम असा की अशी ओळ काढू लागलात तर प्रणालीने अडवावे, “हिला इतर ओळी जोडलेल्या आहेत, आधी त्यांचे बघा.” मात्र ‘कॅस्केड’ नावाची एक सोय आहे. ती लावली की धबधब्यासारखे होते. एक ओळ गेली की तिच्यावर अवलंबून असलेल्या साऱ्या जातात, आणि त्याही न विचारता. माणसांच्या बाबतीत रेशन कार्ड ही अशीच ओळ आहे. कार्ड एक, पण त्याला चिकटलेली तोंडे पाच-सात. सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची एक मुलगी गेली. तिच्या घरचे कार्ड आधारशी जोडलेले नाही म्हणून रद्द झाले होते आणि काही महिने घरात रेशन आले नव्हते. मुलगी भुकेने गेली असे आई म्हणत होती, मलेरियाने गेली असे सरकार म्हणत होते. तो वाद बाजूला ठेवला तरी एवढे उरतेच की कार्ड रद्द करताना त्या ओळीखाली किती ताटे आहेत, हे विचारणारे कुणी नव्हते.

या साऱ्याचे खापर संगणकावर फोडणे सोपे आहे, पण खोटे आहे. उत्तर प्रदेशातील आझमगढ जिल्ह्यातले लाल बिहारी यांना महसुली कागदांवर मृत दाखवून नातेवाइकांनी जमीन आपल्या नावे करून घेतली, ती संगणकाच्या आधीच्या काळात, १९७०च्या दशकात. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला ते निवडणुकीला उभे राहिले, नावापुढे ‘मृतक’ लावू लागले, मृतकांचा संघही काढला. कागदावर पुन्हा जिवंत व्हायला त्यांना १९९४ साल उजाडले. ओळ बदलायला एक माणूस पुरला. परत आणायला एका माणसाचे तारुण्य गेले. यंत्राने एवढेच केले आहे की जे पूर्वी एकेकाच्या वाट्याला येई ते आता एका कळीसरशी हजारोंच्या वाट्याला येऊ शकते.

आणि उपाय? तोही आपल्या गावच्या दप्तरात आहे. सातबाऱ्यावरून जुन्या मालकाचे नाव निघते तेव्हा ते खरवडून काढत नाहीत. त्याला कंस करतात आणि त्याच्याशी फेरफार क्रमांक लिहितात. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडली की कोणत्या खरेदीखताने, कोणत्या वारसाने, कोणत्या आदेशाने नाव बदलले ते सापडते. नोंद मंजूर होण्याआधी चावडीवर लावायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीला वेळ द्यायचा, हे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० मध्ये आहे. तलाठ्याच्या दप्तरात गैरप्रकार होत नाहीत असे कोण म्हणेल? पण ते सापडतात, कोर्टात उभे राहतात, ते या कंसामुळेच. नव्या प्रणालीतही हे सहज करता येते. ओळ काढायची नाही. तिच्यापुढे ‘बंद’ असा शेरा, तारीख, कारण आणि करणाऱ्याचे नाव असे चार रकाने ठेवायचे. जाणकार प्रोग्रामर हे रोज करतात. खर्च नगण्य आहे.

गंमत अशी की जिथे खरोखर पुसायला हवे तिथे मात्र कुणी पुसत नाही. एखाद्या दुकानाला एकदा मोबाइल नंबर दिला की तो वर्षानुवर्षे हिंडत राहतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क आपल्याला दिला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतील मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत दिली गेली. त्यांत एक कलम मला फार आवडले. वापर न केल्यामुळे एखाद्या ग्राहकाची माहिती पुसायची असेल तर बड्या ऑनलाइन कंपन्यांनी निदान ४८ तास आधी त्याला कळवावे. खरेदीच्या खात्यासाठी हे सौजन्य दाखवायचे, तर मताच्या, धान्याच्या आणि दरमहा येणाऱ्या पंधराशे रुपयांच्या ओळीसाठी ते का नसावे?

मागणी मोठी नाही. नाव काढण्यापूर्वी ज्याचे आहे त्याला त्याच्या भाषेत, त्याच्या हातात कळवा. काढलेच तर खूण, कारण आणि सही ठेवा. आणि चूक ठरली तर परत आणण्याची धावपळ ज्याने काढले त्याने करावी. भाजीची टोपली खाली ठेवून बाईंनी खेटे घालू नयेत. या तीन गोष्टी ज्या यादीत आहेत ती खुशाल साफ करावी. ज्या यादीत नाहीत, तिच्यात आपले नाव आहे की नाही हे निवडणुकीच्या सकाळी नव्हे तर दोन महिने आधी पाहावे, आणि पोचपावती, पासबुक, शिक्क्याचा कागद रद्दीत घालू नये. घरातल्या वडीलधाऱ्यांची नावे तपासून देण्याचे काम मुलांनी एखाद्या रविवारी करावे. अर्ध्या तासाचे काम आहे.

त्या बाईंचे खाते आम्ही त्याच दिवशी, जुन्या तारखेने आणि जुन्याच क्रमांकाने पुन्हा लिहिले. पाचशे रुपये जादाच्या खात्यातून परत आणले. बाईंनी पासबुकावरची नवी नोंद बोटाने चाचपून पाहिली, वाचता येत नसावे, आणि मला विचारले, “आता पुन्हा पुसणार न्हाई ना?” मी नाही म्हणालो. पुढे नोकरी संपेपर्यंत एकही ओळ मी शेजारी सही ठेवल्याशिवाय काढली नाही.